रघुनाथ कृष्ण जोशी आणि संगणकावरील देवनागरी
सुलेखनकार, कवी व अध्यापक रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) जाहिरातक्षेत्रातून मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापनाकडे वळले. भारतीय भाषांसाठी समान लिपी म्हणून त्यांनी मांडलेली ‘देशनागरी’ प्रचारात आली नाही. त्यांचे खरे योगदान संगणकीय अक्षररचनेत आहे. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, परंतु पडद्यावर ती आधी दिसावी लागते. जोडाक्षरांची घडणही त्याच वेळी साधावी लागते. रोमन अक्षरांच्या चौकटीत न बसणारा हा व्यवहार जाणूनच त्यांनी ‘मंगल’ हा फाँट रचला. विंडोज २००० बरोबर तो सर्वत्र पोहोचला. छापील पानावर तो काहीसा रुक्ष वाटतो, हे मान्य करावे लागेल. मात्र तो घडला पडद्यावरील वाचनासाठी.