बोरामाची बैठक

1993 च्या मार्च महिन्यात सोमाली लोकांच्या दोन शांतता परिषदा एकाच वेळी चालू होत्या. एक इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने भरली होती. तिला पंधरा सशस्त्र गटांचे म्होरके आले आणि दोन आठवड्यांत करारावर सह्या झाल्या. दुसरी सोमालियाच्या वायव्य कोपऱ्यात, बोरामा नावाच्या लहानशा शहरात चालली होती. तेथे वेगवेगळ्या कुळांचे दीडशे वडीलधारे जमले होते. जानेवारीच्या अखेरीस बसलेली ही मंडळी मे महिन्यापर्यंत उठली नाहीत. अदिस अबाबाच्या कराराची शाई वाळते न वाळते तोच, 5 जूनला, मोगादिशूत 24 पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले. ऑक्टोबरमध्ये एकाच चकमकीत 18 अमेरिकन सैनिक पडले आणि मार्च 1995 मध्ये राष्ट्रसंघाची फौज देश सोडून गेली. बोरामात जे ठरले त्यातून सोमालीलँड नावाची राज्यव्यवस्था उभी राहिली. तिला तडे गेले आहेत, पण ती अजून उभी आहे. एकच भाषा, एकच धर्म, एकाच हुकूमशाहीचा मार खाल्लेली माणसे. मग निकालात एवढा फरक का? माझ्या मते उत्तर बैठक कोणाच्या अंगणात आणि कोणाच्या खर्चाने भरली, यात आहे.

थोडे मागे जावे लागेल. सोमालीलँड म्हणजे एके काळचा ब्रिटिश संरक्षित प्रदेश. एडनच्या लष्करी छावणीला मांस पुरवणारा किनारा, एवढाच इंग्रजांचा त्यातला रस. 1898 पर्यंत त्याचा कारभार एडनमार्फत, म्हणजे पर्यायाने मुंबई इलाख्याच्या छत्राखाली चाले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे भारतीय रुपया चलनात होता. राज्य इतके जुजबी की कुळांचे वडीलधारे आणि त्यांचे न्यायनिवाडे जवळपास जसेच्या तसे राहिले. दक्षिणेत इटालियनांनी केळ्यांच्या बागा आणि वसाहती उभारून समाजात खोलवर हात घातला होता. 26 जून 1960 रोजी उत्तर स्वतंत्र झाली आणि पाचच दिवसांनी स्वखुशीने दक्षिणेत विलीन झाली. 1969 मध्ये सियाद बर्रेने लष्करी उठाव करून सत्ता घेतली. उत्तरेतल्या इसाक कुळाच्या लोकांनी 1981 मध्ये लंडनमध्ये सोमाली राष्ट्रीय चळवळ स्थापली आणि सशस्त्र लढा सुरू झाला. मे 1988 मध्ये बंडखोर हर्गेसा आणि बुराओ शहरांत घुसले, तेव्हा बर्रेच्या हवाई दलाची विमाने हर्गेसाच्याच विमानतळावरून उडून हर्गेसावर बाँब टाकू लागली. हजारो माणसे मेली, लाखो लोक इथिओपियातल्या छावण्यांत पळाले, शहराचा ढिगारा झाला.

जानेवारी 1991 मध्ये बर्रे पळाला. उत्तरेत जिंकलेली चळवळ इसाकांची होती, आणि तिथली इतर काही कुळे युद्धात बहुतांशी बर्रेच्या बाजूने लढली होती. सूड घेण्याला याहून अनुकूल वेळ कोणती? तरीही विजेत्यांनी पाडाव झालेल्यांना बोलावणे धाडले. बर्बेरा आणि मग बुराओ येथे बैठका झाल्या आणि 18 मे 1991 रोजी दक्षिणेशी फारकत जाहीर झाली. मात्र वर्षभरातच खुद्द इसाकांच्या पोटकुळांत बर्बेरा बंदराच्या उत्पन्नावरून लढाई पेटली. मध्यस्थी करण्याइतके तटस्थ कोणी उरले होते का? होते. ते म्हणजे कालचे शत्रू. गदबुर्सी कुळाच्या लोकांनी मध्यस्थी केली आणि पुढची मोठी परिषद त्यांच्याच मुलखात, बोरामात भरली. पराभूत पक्ष यजमान आणि विजेता पक्ष पाहुणा. युद्धोत्तर तहांच्या इतिहासात असे फार वेळा घडलेले नाही.

बोरामातली कार्यपद्धती बाहेरच्या माणसाला कंटाळवाणी वाटेल. मतदान शक्यतो टाळायचे, सगळ्यांची मान डोलेपर्यंत बोलायचे; बोलणी अडली की माणसे आपापल्या कुळाकडे जाऊन विचारून येत. सोमाली रूढीत खुनाबद्दल उंटांच्या रूपात भरपाई देण्याची रीत आहे. पण इतक्या मृत्यूंचा हिशेब मांडला असता तर तो पिढ्यान्पिढ्या फिटला नसता. म्हणून युद्धातल्या हत्यांवर पडदा टाकायचा, बळकावलेली घरे आणि जमिनी मात्र परत करायच्या, आणि प्रत्येक कुळाने आपल्या मुलखातल्या हत्यारबंद पोरांची जबाबदारी घ्यायची असे ठरले. पहिला अध्यक्ष अब्दिरहमान तूर पायउतार झाला, त्याच्या जागी 5 मे रोजी जुना मुत्सद्दी मोहम्मद इब्राहिम इगाल निवडला गेला, आणि वडीलधाऱ्यांच्या सभेला, गुर्तीला, संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे स्थान मिळाले. या सगळ्यासाठी लागलेला पैसा, धान्य आणि कापायची जनावरे मुख्यतः यजमान शहराने, व्यापाऱ्यांनी आणि परदेशी गेलेल्या सोमालींनी पुरवली. परदेशी संस्थांची थोडी मदत झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच सुमारास दक्षिणेत राष्ट्रसंघाच्या मोहिमेवर दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. (त्या मोहिमेत भारतीय सैन्याची ब्रिगेडही बैदोआ भागात होती आणि तिने चांगले नाव मिळवले, दोष सैनिकांचा नव्हताच.)

पैशाचा हा फरक दिसतो त्याहून खोल आहे. अदिस अबाबात, पुढे 2000 मध्ये जिबूतीत आणि 2002 पासून दोन वर्षे केनियात जमलेल्या पुढाऱ्यांचा राहण्या-खाण्याचा भार दुसऱ्यांवर होता. बोलणी लांबली तर त्यांचे काही बिघडत नव्हते. मोडली तरी पुढच्या परिषदेचे आमंत्रण ठरलेले. शिवाय ज्याच्या हातात बंदुका जास्त, त्याला खुर्ची पुढची, म्हणजे लढत राहण्यालाच बक्षीस. केनियात स्थापन झालेल्या सरकारला तर स्वतःच्या राजधानीत पाय ठेवता येईना. 2006 च्या अखेरीस ते मोगादिशूत शिरले ते इथिओपियाच्या फौजेच्या आधाराने. बोरामातल्या माणसाला यजमानाची जनावरे रोज कमी होताना दिसत होती आणि तह मोडला तर गोळी त्याच्याच भाच्याला लागणार होती. इगाललाही तेच लागू पडले. मान्यता नाही म्हणून परदेशी कर्ज नाही. तेव्हा बर्बेराच्या पशुव्यापाऱ्यांकडून उसने घ्यायचे, त्यांना करात सवलत द्यायची आणि त्या पैशातून हत्यारबंद तरुणांना पगारी शिपाई करायचे. व्यापाऱ्यांना शांतता हवी होती, कारण युद्धात बंदर बंद पडते. सरकारला त्यांचे ऐकावे लागले, कारण तिजोरी त्यांची होती.

यावर पहिला आक्षेप असा की उत्तरेत इसाकांचे स्पष्ट बहुमत होते, म्हणून काम सोपे गेले. पण बंदरासाठी आणि 1994 ते 1996 या काळात हर्गेसाच्या विमानतळासाठी झालेल्या लढाया इसाकांच्या आपसातल्याच होत्या. भाऊबंदकी किती चिवट असते हे मराठी वाचकाला सांगायला नको. शिवाय इगालच्या मृत्यूनंतर 2002 मध्ये अध्यक्ष झालेला दाहिर रियाले गदबुर्सी होता आणि पूर्वी बर्रेच्या गुप्तचर खात्यात अधिकारी होता. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत तो अवघ्या 80 मतांनी विजयी ठरला तेव्हा विरोधकांनी कुरकुरत का होईना निकाल मान्य केला. आणि 2010 मध्ये हरल्यावर तो निमूटपणे घरी गेला. केवळ बहुमताच्या जोरावर हे घडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. वडीलधाऱ्यांची सभा म्हणजे जातपंचायतच की! सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्राला तिचे कौतुक का वाटावे? आक्षेप रास्त आहे. बोरामात मताचा अधिकार असलेल्यांत स्त्रिया नव्हत्या. 2021 च्या संसदीय निवडणुकीतही एकही स्त्री निवडून आली नाही. हत्यांवर पडदा टाकला, म्हणजे हर्गेसावर बाँब टाकणाऱ्यांना जाब विचारला गेला नाही. आणि ज्या गुर्तीने राज्य घडवले ती दशकानुदशके निवडणुकीविना स्वतःची मुदत वाढवत सरकारच्या पगारावर बसली आहे. मी यातले काही झाकत नाही. एवढेच म्हणतो की युद्ध थांबवायला जी साधने उपयोगी पडतात तीच पुढे न्याय्य राज्य चालवायला पुरत नाहीत. सोमालीलँडची चूक वडीलधाऱ्यांना बसवण्यात नव्हती, त्यांना वेळेवर न उठवण्यात आहे. परदेशी परिषदांत गादीवर बसणारे म्होरके काही स्त्रियांचे किंवा पीडितांचे प्रतिनिधी नव्हते. तेही पुरुषच, फक्त त्यांच्यावर कुळाचा धाक नव्हता.

बैठक स्थानिकांची आहे असे नुसते म्हणून ती तशी होत नाही, हे अफगाणिस्तानातही दिसले. ‘अफगाणांच्या नेतृत्वाखालची शांतता’ हे शब्द तर कित्येक वर्षे प्रत्येक निवेदनात होते. तरी 29 फेब्रुवारी 2020 चा दोहा करार अमेरिका आणि तालिबान यांच्यातच झाला. काबूलचे सरकार त्यात नव्हते, पण पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडण्याची अट त्याच्याच गळ्यात पडली. अफगाणांची आपसातली बोलणी त्यानंतर सप्टेंबरमध्ये सुरू झाली. तोवर अमेरिकी सैन्याच्या माघारीची तारीख ठरून गेली होती. तालिबानला मग कशासाठी घाई असणार?

खुद्द सोमालीलँडनेही बोरामाचा धडा सगळीकडे गिरवला नाही. त्याच्या पूर्वेला लास अनोद हे धुलबहांते कुळाचे शहर आहे. तेथील बहुतेकांना दक्षिणेपासून फुटणे कधीच मनापासून पटले नव्हते. 2007 मध्ये हर्गेसाच्या, म्हणजे सोमालीलँड सरकारच्या, फौजेने ते पुंटलँड या शेजारच्या सोमाली प्रदेशाकडून घेतले आणि ताब्यात ठेवले. बोरामासारखी बैठक तेथे झाली नाही. 2023 च्या फेब्रुवारीत शहरात युद्ध पेटले, महिनोन्महिने तोफा चालल्या, आणि ऑगस्टमध्ये हर्गेसाच्या सैन्याला माघार घ्यावी लागली. सोमालीलँडची शांतता खोटी ठरली, असा निष्कर्ष यावरून अनेकांनी काढला. मला उलट दिसते. जेथे बोलण्याचा खर्च केला तेथे ती टिकली, जेथे फौजेवर काम भागवले तेथे ती मुळात झालीच नव्हती. आता धुलबहांतेंनी आपले वेगळे प्रशासन उभारले आहे आणि मोगादिशूने त्याला मान्यता दिली आहे. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत हर्गेसात पुन्हा शांतपणे सत्ताबदल झाला, पण वसाहतकाळातली सीमा हा नव्या सरकारच्या स्वतंत्र देशाच्या दाव्याचा पायाच आहे. लास अनोदच्या वडीलधाऱ्यांसमोर बसायचे तर ती सीमाच चर्चेला ठेवावी लागेल. 1993 मध्ये तूरने खुर्ची पणाला लावली होती. ही किंमत तिच्याहून कितीतरी मोठी आहे.