दूध आधी, स्तनाग्र नंतर

‘स्तनाग्रे चपटी आहेत, बाटली लिहून द्या,’ असे एका आजींनी उदयनगरात मला सुनावले, तेव्हा मला प्लॅटिपस आणि एकिडना आठवले. एकिडना दिसतो आपल्या साळिंदरासारखा. नाते मात्र बदकचोच्या प्लॅटिपसशी. दोघेही अंडी घालणारे सस्तन प्राणी; १८८४ साली कॉल्डवेल यांनी ऑस्ट्रेलियातून तार करून हे कळवले. प्लॅटिपसची मादी बिळात बहुधा दोन अंडी पोट-शेपटीत धरून उबवते. एकिडनाचे एकुलते अंडे पोटावरच्या पिशवीत राहते. काटे फुटू लागले की पिल्लू पिशवीबाहेर! (आईची सहनशक्ती तेथे संपत असावी.) स्तनाग्रे दोघींनाही नाहीत, दूध त्वचेतून पाझरते, पिल्ले ते तोंडाने टिपतात. उघड्यावरच्या या दुधात जंतुनाशक प्रथिनही असते. आजी ऐकत राहिल्या. बाळाला नीट धरायला शिकवले. तिसऱ्या दिवशी ते अंगावर पिऊ लागले.