पिसाची माशी आणि ब्रिंगीचे पाणी

कोकणातल्या माणसाला मासे गरवायला कोणी शिकवावे लागत नाही, असे आम्ही समजत होतो. आमच्या अब्बांचे सारे आयुष्य वाशिष्ठीच्या खाडीकाठी गेले. गळाला कोलंबी लावायची, दोरा सोडायचा आणि घरच्या कालवणापुरते मासे घेऊन परतायचे, हा त्यांचा शिरस्ता. काश्मीरच्या सहलीत दल सरोवर झाले, गुलमर्ग झाले, तरी अब्बांचे मन कशात रमेना. शेवटी म्हणाले, "ते सगळे ठीक आहे, मला एखादी नदी दाखवा." म्हणून आम्ही अनंतनाग जिल्ह्यातल्या कोकरनागला गेलो.

काश्मिरीत 'नाग' म्हणजे झरा. डोंगराच्या पायथ्याशी इथे थंडगार झरे फुटतात आणि जवळून ब्रिंगी नदी वाहते. या पाण्यात ट्राउट मासा आहे. तो गरवायचा तर मत्स्य विभागाचा परवाना लागतो. परवान्यावर नदीचा ठरावीक टप्पा मिळतो; त्याला तिथे 'बीट' म्हणतात. किती मासे न्यायचे यालाही मर्यादा असते. वाट दाखवायला गावातले एक वयस्क चाचा आमच्याबरोबर आले.

काठावर पोहोचताच अब्बांनी विचारले, "आमिष कुठे आहे?" चाचांनी फेरनच्या खिशातून एक चपटी डबी काढली. आत बारीक गळ होते. प्रत्येक गळाला नारिंगी किंवा जांभळा रेशमी दोरा गुंडाळलेला आणि डोक्याशी मऊ पिसाचा एकच वेढा. "हीच माशी," चाचा म्हणाले. अब्बा हसले. "चाचा, आमच्या खाडीतला मासा याला हुंगणारसुद्धा नाही!"

पण ही करामत समजून घेण्यासारखी आहे. नदीतले बहुतेक किडे आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली, दगडांना चिकटून काढतात. पंख फुटायची वेळ आली की ते वर येऊ लागतात. त्या धडपडीत ते सहज सापडतात, हे ट्राउटला ठाऊक असते. काही लोक पाण्यावर तरंगणारी कोरडी माशी वापरतात. चाचांची माशी ओली. ती पाण्याच्या जरा खाली बुडते. प्रवाहात तिचे मऊ पीस मिटते, उघडते आणि किडा जिवंत असल्यासारखा भासतो.

ही रीत जुनी आहे. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट यांनी १८५७ साली 'द प्रॅक्टिकल अँगलर' या पुस्तकात अशाच साध्या माश्यांची तरफदारी केली. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, तेव्हा त्याच्या मागून, खालच्या अंगाने जावे, असे त्यांचे सांगणे होते. यॉर्कशरच्या नद्यांवरच्या अशा माश्यांची माहिती टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये पुस्तकरूपाने दिली. ट्राउटही काश्मीरचा मूळ रहिवासी नव्हे. १८९९ साली विलायतेहून निघालेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच नासली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी ते मासे वाढवले, पुढे हारवनला उबवण केंद्र झाले. मासा आला, त्याच्यामागे त्याला गरवण्याची कलाही आली.

चाचांनी एका दोऱ्याला थोड्या थोड्या अंतराने तीन माश्या बांधल्या. दोरा आडवा, जरा खालच्या बाजूला फेकायचा आणि मग काही करायचे नाही. प्रवाहच माश्यांना कमानीसारखा वळसा घालून काठाकडे आणतो. आपण काठीचे टोक त्यांच्यामागे फिरवायचे. मासा लागला हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते. दोरा किंचित जड होतो, मग एक हिसका! त्या क्षणी आपणही हिसका दिला तर मासा गेलाच. आम्ही चार मासे असेच घालवले. "हात नाही, सब्र चालवा," असे चाचा सांगत राहिले.

अब्बांना पहिला मासा लागला. अंगावर लाल-काळे ठिपके, वीतभरसुद्धा नाही. चाचांनी हात ओले केले, अलगद गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला. अब्बांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "सोडायचाच होता तर पकडला कशाला? मुक्या जिवाशी खेळ बरा नव्हे."

प्रश्न खरा होता. विनाकारण जिवाला त्रास देऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चाचा शांतपणे म्हणाले, "भाईजान, हा बच्चा आहे. याने अजून अंडी घातलेली नाहीत. आपण खेळायला आलो नाही. दोन मोठे मिळाले की उठू." अब्बांनी मान हलवली. असरपर्यंत दोन मोठे मिळाले. परवान्यात अजून वाव होता, तरी काठ्या आवरल्या. हाडे गोठवणाऱ्या त्या पाण्यात वुजू करून काठावरच नमाज पढली. रात्री चाचांच्या घरी तेच मासे मोहरीच्या तेलात तळलेले, सोबत गरम भात. सगळ्यांना पुरले.

जेवताना चाचांनी फेब्रुवारी २०२२ ची गोष्ट सांगितली. वांदेवलगामजवळ ब्रिंगीच्या पात्रात अचानक मोठे भगदाड पडले आणि सगळी नदी त्यात उतरू लागली. इथला खडक चुनखडीचा, आतून पोकळ. खालचे पात्र कोरडे पडले, ट्राउट तडफडून मेले. "नदी अशी डोळ्यांदेखत जाते, हे त्या दिवशी कळले," चाचा म्हणाले. भगदाड माणसाने पाडलेले नव्हते. पण पात्रातली वाळू-खडी उपसणे माणसाच्याच हातचे आहे. ट्राउट थंडीच्या तोंडावर त्याच खडीत अंडी घालतो. खडी गेली की पुढची पिढीच गेली.

निघताना चाचांनी अब्बांच्या हातावर नारिंगी दोऱ्याची एक माशी ठेवली. ती आज आमच्या घरी गळांच्या डब्यात आहे. खाडीच्या गढूळ पाण्यात तिचा उपयोग नाही, आणि अब्बा पुन्हा कोलंबी लावूनच बसतात. फरक इतकाच, की आता बोटाएवढे पिल्लू लागले तर ते आधी हात ओले करतात, गळ सोडवतात आणि त्याला खाडीत परत सोडतात. शेजारचे हसले तर म्हणतात, "बच्चा आहे. राहू दे."