गॉब्लिन, लोखंड आणि विज्ञानकथा

२५ डिसेंबर २०२३ रोजी बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा नाताळचा खास भाग दाखवला. नाव होतं ‘द चर्च ऑन रुबी रोड’. ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली आणि मधला मोठा खंड धरूनही साठ वर्षं टिकली. पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यात बसून काळातून फिरणारा ‘डॉक्टर’ नावाचा परग्रहवासी हा तिचा नायक. आजवर त्याचे शत्रू होते यंत्रात दडलेले डेलेक, पोलादी सायबरमन आणि नाना ग्रहांवरचे आक्रमक. या भागात मात्र त्याच्यापुढे उभे राहिले गॉब्लिन. परीकथेत असतात तसेच बुटके, कुरूप आणि खोडकर. दोरखंडांनी बांधलेल्या लाकडी जहाजातून ते आभाळात हिंडतात, तान्ही बाळं पळवतात आणि गाणी म्हणत आपल्या राजाला खाऊ घालतात.

जयंत नारळीकरांच्या कथा वाचत वाढलेला माझ्यासारखा वाचक विज्ञानकथेत भूत दिसलं की स्वस्थ बसून राहतो. शेवटी त्याचा उलगडा होणार, हे त्याला ठाऊक असतं. इथे मी शेवटपर्यंत वाट पाहिली. उलगडा झालाच नाही. गॉब्लिन हे गॉब्लिनच राहिले. आधी मला याचा रागच आला. मग मी मागे जाऊन ब्रिटिश दूरचित्रवाणीने हा प्रश्न पूर्वी कसा हाताळला ते पाहू लागलो, आणि हाती एक अनपेक्षित धागा लागला. तो म्हणजे लोखंड.

इंग्लंडच्या लोकसमजुतीत गॉब्लिनचं एक भावंड आहे, ‘हॉब’. तो घराच्या आसऱ्याने राहतो, खूश असला तर रात्री कामं उरकून टाकतो, आणि बिनसलं की नासधूस करतो. आपल्याकडे रानात वाट चुकवणारा चकवा आहे. त्याचाही स्वभाव मारण्यापेक्षा छळण्याचा. या लहानसहान शक्तींना दूर ठेवण्यासाठी ब्रिटनमध्ये दारावर घोड्याचा नाल ठोकत, पाळण्याजवळ लोखंडी वस्तू ठेवत. बाळंतिणीच्या उशाशी ठेवलेला विळा मी लहानपणी पाहिला आहे. इतक्या दूरच्या दोन मुलखांत भय एकच होतं, कारण धोकाही एकच होता. तान्हं मूल दगावणं ही तेव्हा दोन्हीकडे नित्याची गोष्ट होती.

डिसेंबर १९५८ ते जानेवारी १९५९ या काळात बीबीसीवर नायजेल नील यांची ‘क्वाटरमास अँड द पिट’ ही सहा भागांची मालिका दाखवली गेली. लंडनमध्ये खोदकाम चालू असताना लाखो वर्षांपूर्वीच्या कवट्या आणि एक चमत्कारिक यान सापडतं. त्या गल्लीचं नाव हॉब्ज लेन. जुनी कागदपत्रं चाळल्यावर कळतं, की इथे शतकानुशतकं लोकांना बुटकी भुतं दिसत आली आहेत. गल्लीच्या नावातला ‘हॉब’ तोच. यानात मरून पडलेले शिंगाळ कीटक हे मंगळावरचे जीव निघतात. त्यांनी आपल्या वानरसदृश पूर्वजांवर प्रयोग केले होते, आणि सैतान, पिशाच्चं, गॉब्लिन ही सारी त्या जीवांची माणसाच्या मेंदूत उरलेली आठवण आहे, असा उलगडा नील करतात. शेवटी रोनी नावाचा शास्त्रज्ञ ओळखतो, की सैतानाला लोखंड सोसत नाही या समजुतीत तथ्य आहे. लोखंडातून ती ऊर्जा जमिनीत उतरवता येईल. म्हणजे विजेचं अर्थिंगच! आजीबाईच्या विळ्याला नील यांनी पदार्थविज्ञानात जागा दिली.

बारा वर्षांनी, १९७१च्या मे-जूनमध्ये, ‘डॉक्टर हू’मध्ये पाच भागांची ‘द डीमन्स’ ही कथा आली. एका खेडेगावात सैतान जागा होतो. तो निघतो दूरच्या ग्रहावरचा, प्राचीन काळी इथे आलेला जीव. जादू म्हणजे विसरलेलं विज्ञान, असं डॉक्टर ठणकावून सांगतो. पण बॉक नावाची दगडी गार्गॉइल अंगावर येते तेव्हा तो लोखंडी थापी पुढे धरतो आणि ती मागे हटते. तुमचा तर जादूवर विश्वास नाही, असं विचारल्यावर त्याचं उत्तर साधारण असं, की माझा नाही, पण सुदैवाने त्याचा आहे. १९५९मध्ये लोखंड चालतं ते भौतिकीमुळे, १९७१मध्ये समोरच्याच्या श्रद्धेमुळे.

२०२३मध्ये लोखंडाची जागा मिठाने घेतली. २ डिसेंबरच्या ‘वाइल्ड ब्लू यॉन्डर’ या भागात डॉक्टर विश्वाच्या सीमेवर उभा आहे. समोरच्या अज्ञात जीवांना अडवायला तो मिठाची रेघ ओढतो आणि थाप मारतो, की दाणे मोजल्याशिवाय तुम्हाला ती ओलांडता येणार नाही. जिथे विश्वाचे नियम विरळ झाले आहेत तिथे आपण अंधश्रद्धेला दार उघडून दिलं, ही टोचणी त्याला लागते. तीन आठवड्यांनी गॉब्लिन येतात ते या उघड्या दारातून. त्यांचंही एक शास्त्र आहे, पण ते योगायोगांचं. ते लहानलहान अपघात घडवतात, त्यांची वीण घालतात, आणि योगायोगांनी वेढलेलं मूल त्यांना अधिक रुचकर लागतं. गाठी आणि दोर ही त्यांची विद्या. डॉक्टर ती नाकारत नाही; शिकून घेतो.

माझा आक्षेप इथेच होता आणि थोडा अजूनही आहे. हातातून कप निसटला, वरून काही कोसळलं, तर त्यामागे कुणाचा तरी हेतू आहे असं मानणं हेच करणी-भानामतीचं मूळ. आणि हेतू मानला की हेतू असणारा शोधावा लागतो.

तो शोध कुठवर जातो याचं उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. पऱ्या किंवा गॉब्लिन खरं माणूस पळवून त्याच्या जागी आपल्यातलं एक ठेवून जातात, अशी तिथे समजूत होती. अशा बदल्याला ‘चेंजलिंग’ म्हणत. १८९५च्या मार्चमध्ये टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लीअरी ही तरुण स्त्री आजारी पडली. ही माझी बायको नव्हेच, असं ठरवून नवऱ्याने तिला जाळलं. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला शिक्षा झाली. आपल्याला दूर पाहायला नको. अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करणं हा गुन्हा ठरवायला महाराष्ट्राला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

या कसोटीवर दोन्ही मालिका पुन्हा पाहिल्या, तेव्हा माझा राग बराच निवळला. नील यांच्या कथेच्या शेवटी लंडनचे साधेसुधे लोक झपाटल्यासारखे रस्त्यावर उतरतात आणि आपल्याहून वेगळ्या असणाऱ्यांना ठार मारू लागतात. लंडनच्या नॉटिंग हिल भागात १९५८च्या उन्हाळ्याअखेर वंशद्वेषी दंगली झाल्या होत्या. ते ताजं होतं. गॉब्लिन शेजाऱ्यात नसून बोट दाखवणाऱ्यात आहे, हे नील यांनी ओळखलं होतं.

आणि २०२३ची कथा? तिची नायिका रुबी हे २००४च्या नाताळच्या आदल्या रात्री चर्चच्या दारात सोडलेलं मूल, आई-बाप अज्ञात. जुन्या लोककथेत अशाच मुलीवर संशय आला असता. इथे गॉब्लिन बाळ नेतात, पण बदली काहीच ठेवत नाहीत. ते मागे जाऊन तान्ही रुबीच पळवतात, तेव्हा तिला वाढवणारी कार्ला बदलून जाते, कोरडी आणि कडवट होते. एक टाकलेलं मूल घरात नसेल तर घराचं काय होतं, ते दिसतं. अज्ञात कुळाचं मूल हे संकट नसून घराचं भाग्य आहे, असं ही गॉब्लिनकथा सांगते.

तेव्हा विज्ञानकथेत गॉब्लिन चालेल का, हा प्रश्न मी आता वेगळा विचारतो. त्याचा शास्त्रीय उलगडा झाला की नाही हे मी नंतर पाहतो. आधी पाहतो, की कथा संपताना ते नाव कुणा माणसाला चिकटवलं गेलं का. उशाशी ठेवलेल्या विळ्याने कुणाचं वाईट झालं नाही. तो विळा घेऊन कुणी शेजारणीच्या दाराशी गेलं, की मात्र गोष्ट बदलते.