डेबियनच्या घराची हद्द

कोणतीही संस्था उभी राहिली, कीं एक प्रश्न तिच्यापुढें लौकरच येऊन ठाकतो: आपल्या कक्षेंत काय घ्यावयाचें आणि काय बाहेर ठेवावयाचें? परकें कोणतें, हें ओळखणें सोपें असतें. अडचण होते ती शेजारच्या वस्तूविषयीं. डेबियन या संगणक-प्रणालीची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे.

इयान मर्डॉक यांनीं १९९३ सालीं डेबियनची स्थापना केली. ही प्रणाली कोणा व्यापारी कंपनीची नव्हे. देशोदेशींचे स्वयंसेवक इंटरनेटच्या द्वारें एकत्र येऊन ती तयार करतात. १९९७ सालीं त्यांनीं एक ‘सामाजिक करार’ संमत केला. डेबियन सर्वस्वीं मुक्त राहील, हें त्याचें पहिलें कलम. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. मूळ आज्ञावली वाचण्याची, तींत फेरफार करण्याची आणि ती दुसऱ्यास देण्याची मोकळीक, असा त्याचा अर्थ आहे.

परंतु या व्याख्येंत न बसणारें, तथापि लोकांना हवें असलेलें जें साहित्य, त्याचें काय करावयाचें? डेबियननें तें हांकून दिलें नाहीं. जुन्या वाड्यांत जशीं माजघर, पडवी आणि ओसरी, तसे तीन विभाग करण्यांत आले. ‘मेन’ तेवढी खरी डेबियन. स्वतः मुक्त, पण अमुक्त वस्तूवर अवलंबून असलेलें तें ‘कॉन्ट्रिब’ मध्यें. उरलेलें ‘नॉन-फ्री’ मध्यें. तें प्रणालीचा भाग नव्हे, परंतु मागणाऱ्यास मिळण्याची सोय आहे. या नियमांत भीडमुर्वत नव्हती. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा अग्रणी जो ग्नू प्रकल्प, त्याच्या ईमॅक्सची मार्गदर्शिकादेखील, तिचे कांहीं भाग बदलण्यास मनाई असल्यामुळें, २००६ सालच्या ठरावानंतर ओसरीवर गेली.

खरा पेंच पडला तो फर्मवेअरचा. वायरलेस जोडणी, ध्वनि, चित्र यांचीं उपकरणें चालण्यासाठीं त्यांना कांहीं अंतर्गत आज्ञा लागतात. या आज्ञा पूर्वीं पुष्कळदां उपकरणाच्या चिपमध्येंच कोरलेल्या असत. पुढें त्या दर वेळीं संगणकाकडून उपकरणास देण्याची पद्धत रूढ झाली. कारखानदार त्यांची मूळ आज्ञावली बहुधा देत नाहींत. म्हणून त्या अमुक्त, आणि म्हणून डेबियनच्या अधिकृत प्रतीबाहेर. परिणाम असा, कीं नवशिक्यानें डेबियन बसविण्यास घ्यावी आणि इंटरनेटच जोडलें जाऊं नये. याहून गंभीर गोष्ट अंधांची. ते संगणकाचा आवाज ऐकून पुढचें पाऊल टाकतात. ध्वनीचें फर्मवेअरच नसेल, तर त्यांस दारच सांपडत नाहीं. फर्मवेअर घातलेली निराळी प्रत होती, परंतु ती अनधिकृत म्हणून आडबाजूस ठेविलेली.

विरुद्ध पक्षाचें म्हणणेंही पोकळ नव्हतें. बंद वस्तूस दारांत जागा दिली, कीं ती उघडी करण्यासाठीं कारखानदारांवर असलेला दाब ओसरतो. शिवाय दिलेल्या वचनाचें काय?

२०२२ सालीं सभासदांनीं मतदान केलें. अधिकृत प्रतींत फर्मवेअर घ्यावें, पण त्यास ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा स्वतंत्र विभाग असावा. काय वापरलें हें वापरणाऱ्यास सांगावें आणि शक्य तेथें तें बंद करण्याची सोय ठेवावी, असें ठरलें. त्याकरितां कराराच्या पांचव्या कलमांत भर घातली गेली. पहिलें कलम मात्र कायम राहिलें. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून हा निर्णय अमलांत आला.

या निर्णयाचें मर्म असें, कीं दाराची रुंदी बदलली, शब्दाचा अर्थ बदलला नाहीं. अमुक्तास मुक्त म्हटलें असतें, तर काम सोपें झालें असतें; पण मग हद्द आणि तिच्याबरोबर विश्वासही गेला असता. शेजारच्या वस्तूस आंत घेण्यापूर्वीं म्हणून दोन गोष्टी पाहाव्या. तिच्यावांचून आपलें स्वतःचें कार्य अडतें काय? आणि आंत घेतल्यावर ती कोण आहे, हें उघड दिसत राहील काय? दोहोंचें उत्तर होय असेल, तर दार उघडण्यांत कमीपणा नाहीं.