गदा नांदेडची, घाम कात्रजचा

माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल बघताना असो की लातूरच्या गंजगोलाईत चहा घेताना, कुस्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आता कोल्हापूर-पुण्याचं काय राहिलं? गदा नांदेडला आली की!" मग मान डोलते, टाळी दिली जाते आणि महाराष्ट्राच्या कुस्तीचं वर्चस्व मराठवाड्याकडे सरकल्याचा ठराव तिथल्या तिथे मंजूर होतो. अभिमान वाटायला हरकत नाही. पण ठरावाला आधार काय, असं विचारलं की बोट दाखवलं जातं ते निकालपत्रकातल्या एका कंसाकडे. त्या कंसानेच सगळा घोळ केला आहे.

१४ जानेवारी २०२३. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी अंतिम लढत झाली. शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला एका मिनिटाच्या आत चितपट केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं: शिवराज राक्षे (नांदेड). नांदेडमध्ये आनंद झाला, व्हायलाच हवा होता. पण शिवराज मूळचा पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा, राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा. त्याची मेहनत चालायची पुण्यातच, कात्रजला, काका पवारांच्या कुस्ती संकुलात. तो नांदेडकडून उतरला होता, एवढाच त्या कंसाचा अर्थ. आणि समोर कोण होता? महेंद्र गायकवाड, कंसात सोलापूर, तालीम तीच कात्रजची. म्हणजे कागदावर नांदेडने सोलापूरला हरवलं. प्रत्यक्षात रोज एका छपराखाली घाम गाळणारे दोन पैलवान गदेसाठी समोरासमोर आले.

हे होतं कसं? महाराष्ट्र केसरीला पैलवान थेट जात नाही. जिल्ह्याची किंवा शहराची निवड चाचणी होते, आणि गदेच्या केसरी गटात गादीसाठी (म्हणजे मॅटसाठी) एक व मातीसाठी एक अशी नावं पुढे जातात. पुण्यातल्या मोठ्या तालमींत गदेच्या तोडीचे गडी एकेका ठिकाणी तीन-चार असतात. सगळ्यांना पुण्याकडून खेळायला मिळणं शक्यच नाही. त्यामुळे चांगला पैलवान दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरतो. यात बेकायदा काही नाही आणि हे नवंही नाही. २०१८ मध्ये जालन्यात गदा जिंकणारा बाला रफिक शेख बुलडाण्याकडून खेळला. त्याचं गाव सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात. त्या वर्षी बुलडाण्यात एकाएकी कुस्तीची क्रांती झाली असं कुणी म्हटलं नाही. मग नांदेडच्या बाबतीतच हिशेब वेगळा का?

लातूरकरांची गोष्ट याच्या उलटी, आणि माझ्या मते जास्त बोलकी आहे. ७ जानेवारी २०२० ला बालेवाडीत अंतिम लढतीत लातूरचा शैलेश शेळके होता, औसा तालुक्यातला, अस्सल इथला. नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने त्याला ३-२ असं एका गुणाने हरवलं. निकाल लागल्यावर विजेत्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेतलं. तो फोटो सगळ्यांनी पाहिला, खिलाडूवृत्ती म्हणून वाहवा केली. पण त्या फोटोत आणखी एक गोष्ट होती: दोघंही काका पवारांचेच चेले. रोज ज्याच्याशी जोड लढायची, त्यालाच शेवटच्या दिवशी गदेसाठी हरवायचं होतं. नाशिक जिंकलं आणि लातूर हरलं हा त्या दिवशीच्या निकालपत्रकाचा हिशेब. कात्रज दोन्ही बाजूंनी जिंकलं होतं.

आता "लातूरचं काहीच नाही का मग?" असा रुसवा धरणाऱ्यांसाठी. आहे, आणि भरपूर आहे. फक्त तुम्ही ते विजेत्यांच्या यादीत शोधताय. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला लातुरातच भरलेल्या स्पर्धेत महाराष्ट्र केसरी झाले, १९७० मध्ये एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. शिकले कोल्हापुरात. पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून बसले आणि तिथे त्यांनी जे शिष्य घडवले त्यात लातूर जिल्ह्यातलेच काका पवार होते आणि बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारेही. त्याच काका पवारांनी पुढे कात्रजचं संकुल उभं केलं. कुस्तीचं केंद्र कोल्हापुरातून पुण्याकडे सरकलं असं जे आपण म्हणतो, ते सरकवणाऱ्या हातांमध्ये लातूरचे दोन हात ठळक आहेत. मातीतला माणूस बाहेर गेला, विद्या घेतली, बाहेरच राहून वाटली.

तालमीला एवढं महत्त्व का, हे कुस्तीबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. केसरी गटातला पैलवान शंभर-सव्वाशे किलोच्या घरातला. त्याला रोज संध्याकाळी लढायला त्याच वजनाचा, त्याच ताकदीचा गडी लागतो. एक नाही, चार-पाच लागतात, कारण एकाच जोडीदाराचे डाव महिन्याभरात पाठ होतात. गावच्या हौद्यात असा पैलवान एकटाच असतो. सत्तर किलोच्या पोरांना तो उचलून टाकतो, लोक टाळ्या वाजवतात, पण त्याची कुस्ती तिथेच अडकते. पट काढताना समोरचा खरंच वजन टाकतो तेव्हा काय होतं, हे त्याला कळतच नाही. म्हणून तो पुण्याला किंवा कोल्हापूरला जातो. तो गेला की इथल्या हौद्यात उरलेल्यांची जोड आणखी पातळ होते, म्हणून पुढच्या वर्षी दुसराही जातो. गर्दीकडे गर्दी जाते. त्यावर खुराक, वस्तादाची नजर, गादी आणि मोठ्या मैदानांची आमंत्रणं. यातलं काहीही जिल्ह्याच्या सीमेला बांधलेलं नाही.

कोल्हापूरची उलट बाजू पाहा. २००० साली विनोद चौगुले जिंकला, त्यानंतर २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील जिंकेपर्यंत गदा कोल्हापूरच्या नावावर लागली नाही. दोन दशकं "कोल्हापूरची कुस्ती मेली" असे लेख येत राहिले. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला शिवराज राक्षेला काही सेकंदांत आस्मान दाखवणारा सिकंदर शेख गाव मोहोळचा असला तरी गंगावेश तालमीत तयार झालेला होता. तालीम कोल्हापूरची, गदा कोल्हापूरच्या खात्यावर नाही. मेलेल्या कुस्तीने जिवंत कुस्तीला चितपट केलं म्हणायचं का?

दुसरा गैरसमज विभागांचा, म्हणजे गादी आणि मातीचा. "माती संपली, आता गादीवालेच जिंकणार," असं ठामपणे सांगणारे मराठवाड्यात खूप, कारण आपल्याकडे माती जवळची आणि तिच्या नावाने गळा काढायला सगळ्यांना आवडतं. आकडे वरवर त्यांच्या बाजूने आहेत. २०१७ चा अभिजित कटके, २०२० चा सदगीर, २०२२ चा पाटील, जानेवारी २०२३ चा राक्षे, २०२५ चा पृथ्वीराज मोहोळ हे गादी विभागातून आलेले. मातीतून आलेले मोजकेच, बाला रफिक, सिकंदर असे. पण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते: दोन विभागांचे विजेते भिडतात ती अंतिम लढत गादीवर होते. मातीवाल्याने आधीच्या सगळ्या लढतींत पाय रुतणाऱ्या मातीत लढायचं आणि शेवटच्या दिवशी पाय सटकन फिरणाऱ्या गादीवर उतरायचं. गादीवाल्याला मात्र बूटसुद्धा बदलावे लागत नाहीत. हाच सामना एक वर्ष मातीत घ्या, मग माती मेली की जिवंत आहे ते बोलू.

शिवाय विभाग म्हणजे जात नव्हे की जन्मभर चिकटली. जानेवारी २०२३ मध्ये गादीची अंतिम लढत राक्षे आणि सदगीर यांच्यात झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, फुलगावनंतर धाराशिवला भरलेल्या वेगळ्या स्पर्धेत दोघं पुन्हा भिडले, पण या वेळी थेट गदेसाठी. कारण सदगीर मातीतून वर आला होता. ज्याला तुम्ही जानेवारीत "गादीचा गडी" म्हणत होता, तो नोव्हेंबरात "मातीचं आशास्थान" झाला. मल्ल तोच, दंड तेच. कोणत्या विभागात कोण उतरलं यावर त्या वर्षीचं पारडं ठरतं.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सने १९९२ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग केले, दोघांचे विजेते दर वर्षी भिडायचे. १९९३ ते १९९८ सलग सहा वेळा पूर्व जिंकली. २००९ ते २०१६ सलग आठ वेळा पश्चिम. तिथेही लोकांनी दिशांवर चर्चा झोडली. उकलून पाहिलं तर पूर्वेच्या सहातली चार विजेतेपदं एकट्या फ्लोरिडाची, प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर. पश्चिमेच्या आठातली पाच एकट्या अलाबामाची, प्रशिक्षक निक सेबन. वस्ताद जिकडे, विभाग तिकडे. २०२४ पासून त्यांनी विभागच काढून टाकले.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण एकेकदा झटकून टाकू.

"मातीत गुण नसतात, चितपटच लागते." यात्रेच्या मैदानात तसं असतं, महाराष्ट्र केसरीत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सिकंदर-महेंद्र लढतीवरून राज्यभर जो गदारोळ झाला तो मातीतलाच होता, आणि भांडण बाहेरची टांग या डावाला दिलेल्या गुणांवरूनच होतं.

"उपविजेता म्हणजे राज्यातला दुसरा." असेलच असं नाही. खरा दुसरा विजेत्याच्याच विभागात आधी हरून घरी गेलेला असू शकतो.

"नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन महाराष्ट्र केसरी झाले, म्हणजे एक खोटा." दोन्ही कुस्त्या खऱ्याच होत्या. संघटनेत फूट पडली होती, म्हणून फुलगाव आणि धाराशिव अशा दोन स्पर्धा दहा-बारा दिवसांच्या अंतराने भरल्या. एकीकडे हरलेला राक्षे दुसरीकडे जिंकला.

"२०२५ मध्ये अहिल्यानगरला राक्षे गादीच्या अंतिम लढतीत हरला, नांदेडचं राज्य संपलं." जे आलंच नव्हतं ते संपणार कसं?

आणि शेवटचा, सगळ्यांत हट्टी: "गदा ज्याच्या जिल्ह्यात, त्याची कुस्ती सर्वांत पुढे." केसरी गट वजनदार पैलवानांचा असतो. मराठवाड्याच्या मातीतून निघून जगात गेलेला अलीकडचा सर्वांत मोठा पैलवान राहुल आवारे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. त्या वजनाचा पैलवान महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी उतरूच शकत नाही.