कराचीच्या टपालामागचं उलटं इंजिन

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या अनेक सिंधी कुटुंबांची मुळं सिंधमध्ये आहेत. त्याच सिंधमधल्या कराचीहून १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान डी हॅविलंडचं पस मॉथ. इंजिन जिप्सी थ्री: एका ओळीत चार सिलिंडर, साधारण १२० अश्वशक्ती, आणि बसवलेलं चक्क उलटं!

क्रँकशाफ्ट वर, सिलिंडर खाली लोंबलेले. त्यामुळे पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि वैमानिकाला समोरचं मोकळं दिसतं. खोड एकच, पण मोठी. विमान उभं असताना ऑइल झिरपून ज्वलनकक्षात साचतं. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचा. नाहीतर साचलेलं ऑइल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो.

जिप्सी थ्रीला सुपरचार्जर नव्हता. अमेरिकेतल्या मेनास्को कंपनीने १९३० च्या दशकात अशाच उलट्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना तो जोडला. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब निम्मा होतो; सुपरचार्जर ती विरळ हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. शर्यतीच्या विमानांनी तो जमिनीलगतही वापरला, निव्वळ जास्त ताकदीसाठी.